कसब्यातला कंदील

शाहिराच्या जिभेवर असत्य टिकत नाही, अशी या मातीची श्रद्धा आहे. शाहीर बजरंग खळदकरांच्या जिभेवर ते वीस वर्षं टिकलं. त्याचं कारण एवढंच, की जीभ त्यांची असली तरी तिच्यावरचे शब्द हुसेन शिकलगारचे होते.

हुसेन कसबा पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. दिवसभर लग्नपत्रिका आणि दशक्रियेची पत्रं जुळवून झाली की संध्याकाळी पोवाडे जुळवायचा. बजरंग ते उभ्यानं, तुर्रेदार फेटा बांधून म्हणायचे. हुसेन त्यांच्या मागे उभा राहून डफ वाजवायचा आणि झील धरायचा. झील म्हणजे शाहिरानं ओळ टाकली, की मागच्यांनी 'जी रं जी जी' म्हणून ती उचलायची. यात विचार करायचा नसतो. विचार करणाऱ्याला उशीर होतो. शाहीर म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवला, तरी मागचे म्हणणार, जी. उत्तम झीलकऱ्याला आपल्याला काही मत आहे हे विसरावं लागतं, आणि हुसेन हा पुण्यातला सर्वांत उत्तम झीलकरी होता.

पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव घालतो, ही रीत आहे. रचना कुणाची हे त्यावरून लोकांना कळतं, म्हणजे लोकांचा तसा समज होतो. नावाबरोबर शाहीर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, की हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तीनशे वर्षांपूर्वीची लढाईसुद्धा तो डोळ्यांनीच पाहतो. त्याला कुणी जन्मतारीख विचारत नाही.

वीस वर्षांत हुसेननं साठ-पासष्ट पोवाडे लिहिले आणि प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात स्वतःच्या हातानं 'बजरंग शाहीर' असं लिहिलं. बजरंग आधी वाचत नसत. चालीवर एकदा म्हणून बघत आणि 'बसतंय' म्हणत. त्यांच्या लेखी हीच प्रस्तावना आणि हाच अभिप्राय. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हुसेननं पहिल्यांदा विषय काढला, की अण्णा, एकदा शेवटच्या कडव्यात माझंही नाव येऊ द्या. बजरंग म्हणाले, येईल, घाई काय आहे. बेचाळीस वर्षांच्या माणसाला घाई काय आहे हे त्याचं त्याला माहीत असतं. 

त्याच वर्षी श्रावणात उत्तरेश्वर देशमाने मेला.

उत्तरेश्वरचा गल्लीत एसटीडी बूथ होता. काचेच्या दोन केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर आणि बाहेर पिवळी पाटी. पेठेतल्या काही मुलांनी कॉम्प्युटरचे कोर्स करून अमेरिका गाठायला सुरुवात केली होती आणि त्यांचे आईबाप त्यांना 'जेवलास का' हे विचारायला उत्तरेश्वरकडं रांग लावत. बूथ दुपारी एक ते चार बंद असे. गल्लीही एक ते चार बंद असे.

त्या दिवशी सव्वाचारला समोरच्या फूलवाल्या तुळजाबाईंनी पाहिलं, तर उत्तरेश्वर अर्धवट उघड्या शटरखाली पालथा पडलेला, डोकं आत, पाय बाहेर. डोक्याच्या मागच्या बाजूला एकच घाव. चोरीला काही गेलेलं नव्हतं. उत्तरेश्वरची आई दुर्गाबाई पोलिसांना शटरचं काहीतरी सांगत होत्या. पण त्या सारख्या विषय सोडून बोलतायत, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यांना पाणी देऊन आत बसवण्यात आलं. पंधरा दिवस तपास झाला. गल्लीत प्रत्येकानं प्रत्येकावर संशय घेऊन पाहिला, पण कुठलाच धरून राहिला नाही.

गणपतीत मंडळाची पोवाडा स्पर्धा होती. विषय ताजा असावा, असं बजरंगांच्या मनात आलं. हुसेननं आठ दिवसांत 'एसटीडी खुनाचा पोवाडा' लिहून दिला. आता भरदुपारी पावणेचारला, गल्ली घोरत असताना झालेल्या खुनात काव्याला काही वाव नसतो. म्हणून हुसेननं आभाळ भरून आणलं, वीज घालवली आणि खुन्याच्या हातात कंदील दिला. घाव एकाचे तीन केले, कारण तिसऱ्या घावावर डफाला चांगली थाप मिळते. खुनी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिथं 'कोण' एवढाच शब्द ठेवला:

आभाळ भरलं, वीज ही गेली, गल्ली निजली सारी ।
हाती कंदील, मनात काळं, कोण उभा तो दारी ॥

वही देताना त्यानं सांगितलं, की अण्णा, या वेळी शेवटच्या कडव्यात दोन्ही नावं घातली आहेत. नसतील चालत तर पुढच्या वर्षी मी माझा वेगळा फड उभा करतो. बजरंगांनी त्या रात्री पहिल्यांदाच वही वाचली. वीस वर्षं आपण ज्याला मागे उभं राहायला जागा दिली, त्यानं असा विश्वासघात करावा याचं त्यांना फार वाईट वाटलं, असं त्यांनी पुढं अनेक मुलाखतींत सांगितलं.

स्पर्धेच्या संध्याकाळी मंडपात चारशे माणसं होती. एक कॅसेटवाला रेकॉर्डिंगला बसला होता. बजरंगांनी आभाळ भरलं, वीज घालवली, कंदील आणला, एक हात कानावर ठेवला आणि म्हटलं:

हाती कंदील, मनात काळं, हुसेन उभा तो दारी ॥

एका मात्रेनं ओळ लांब झाली होती, पण डफाखाली ते झाकून गेलं. डफ हुसेनच वाजवत होता. ओळ पडली आणि हुसेन म्हणाला, 'जी रं जी जी.'

ध्रुपदाची ओळ तीनदा घ्यायची रीत असते. तीनदा बजरंगांनी हुसेनला दारी उभं केलं आणि तीनदा हुसेननं चारशे माणसांसमोर, माइकवर, खड्या आवाजात होकार दिला. तिसऱ्या वेळेला त्याच्या लक्षात आलं. पण तोवर हात आणि गळा पुढच्या कडव्यात गेले होते. शेवटचं कडवं आलं, त्यात नाव एकच होतं:

बजरंग शाहीर सांगे तुम्हां, नाही ऐकीव वाणी ।
या डोळ्यांनी पाहिली मी, उत्तरेश्वराची कहाणी ॥

याही ओळीला हुसेननं जी म्हटलं.

मंडपामागे त्यानं विचारलं, "अण्णा, हे काय केलंत?"

बजरंग फेटा सोडत होते. "तुला नाव यायला पाहिजे होतं ना? आलं."

"मी शेवटच्या कडव्यात म्हटलं होतं."

"शेवटच्या कडव्यात जागा नव्हती," बजरंग म्हणाले. "गंमत आहे रे. हुसेन काय एकटा तूच आहेस का पुण्यात?"

पुण्यात हुसेन पुष्कळ होते. डफ वाजवणारा एकच होता. शिवाय ते वर्ष अशा नावांसाठी फारसं बरं नव्हतं. आदल्या वर्षीच्या दंग्यांच्या बातम्या लोकांच्या डोक्यात ताज्या होत्या आणि नाव ऐकल्यावर निम्म्या गल्लीला आपल्याला हे आधीच वाटत होतं असं आठवलं.

कॅसेट निघाली. वेष्टनावर बजरंगांचा फोटो होता. स्टुडिओवाल्यानं त्यांच्या हातात शोभेसाठी एक कंदील दिला होता आणि तो तोंडाजवळ धरायला लावला होता, म्हणजे मिशांवर उजेड येतो. विसर्जनापर्यंत ती कॅसेट पेठेतल्या प्रत्येक मांडवात वाजली. रसवंतीगृहात वाजली, रिक्षात वाजली. तुळजाबाईंच्या फुलांच्या पाटीशेजारीच कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे त्यांनी ती दिवसाला वीस वेळा ऐकली आणि वेष्टनावरचा फोटो दिवसभर पाहिला.

दसऱ्याच्या आधी हुसेनला अटक झाली. चौकीतल्या साहेबांनी तपास पुन्हा नव्यानं केला होता, आणि आता गल्लीत सगळ्यांना सगळं आठवत होतं. तुळजाबाईंनी हुसेनच्या हातात कंदील पाहिला होता. दुधवाल्यानं कंदील पाहिला होता. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तीन घाव मोजले होते, एकामागून एक, मध्ये थोडी विश्रांती घेऊन. यातले सगळे जण त्या वेळी झोपलेले होते. दुपारी झोपतो हे दुकानाच्या पाटीवर लिहिता येतं, कोर्टात सांगता येत नाही. पोलिसांनी रीतसर कंदीलही जप्त केला. तो जुन्या बाजारातला होता आणि त्याला वात नव्हती, पण पंचनाम्यात वातीचा रकाना नसतो.

खटला दोन वर्षं चालला. सरकारी वकिलांनी आधी आडनाव घेतलं. शिकलगार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या धार लावणारे, असं ते म्हणाले. घाव बोथट वस्तूचा आहे, असं बचावाचे वकील म्हणाले. धार लावणाऱ्याला बोथट काय हे इतरांपेक्षा जास्त कळतं, असं सरकारी वकील म्हणाले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्यात आलं, की घाव एकच दिसतो, पण तिन्ही फटके एकाच जागी बसले असतील तर ते एकासारखे दिसतील का. डॉक्टरांना अडीचची गाडी होती. ते म्हणाले, नाकारता येत नाही.

श्रावणात आभाळ भरून येतं, हे कोर्टानं स्वतःहून मान्य केलं.

मग हुसेननं सांगितलं, की साहेब, हा सगळा पोवाडा माझा आहे. कंदील माझ्या डोक्यातला आहे. वीज मी घालवली, घाव मी वाढवले. हे ऐकून त्याचे वकील खाली बसले. सरकारी वकील सावकाश उठले आणि त्यांनी विचारलं, की रचना तुमची असेल तर हातात कंदील होता हे तुम्हाला कसं समजलं? आणि तुमची नसेल तर चारशे लोकांसमोर तीन वेळा जी का म्हणालात? कॅसेट कोर्टात वाजवण्यात आली. हुसेनच्या आवाजाला त्या काळी फार सुरेख धार होती. तो होकार अगदी स्पष्ट ऐकू आला.

दुर्गाबाईंची साक्ष दहा मिनिटांत आटोपली. त्या पुन्हा शटरकडं वळल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की आजी, विचारलं तेवढंच बोला.

जन्मठेप झाली. बजरंग साक्षीला आलेच नव्हते. कवीला कशाला त्रास, असं दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं.

हुसेन येरवड्याला गेला. जुळारी म्हणून त्याला कारागृहाच्या छापखान्यात काम मिळालं. बाहेर तोवर खिळे भंगारात निघून सगळीकडं कॉम्प्युटरवर जुळणी सुरू झाली होती, त्यामुळे बाहेर त्याला काम मिळालं नसतंच, असं त्याची बायको रझिया म्हणे. हा विनोद ती गंभीरपणे करायची. तिनं कसब्यातली खोली सोडली, कर्वेनगरात दोन खोल्या घेतल्या, शिवणकाम केलं आणि रुकसानाला इंजिनिअर केलं. दोन हजार तीन साली हायकोर्टानं हुसेनला सोडलं. निकालात तीन ओळी होत्या. वीज मंडळाच्या नोंदवहीप्रमाणे त्या दुपारी वीज गेलेली नव्हती. बूथमध्ये दोन ट्यूबलाइट चालू होत्या. अशा स्थितीत आरोपीनं कंदील कशासाठी आणला असावा याचा खुलासा होत नाही.

नऊ वर्षांनी हुसेन बाहेर आला. तो सुटला, असं वर्तमानपत्रात आतल्या पानावर आलं. पण निकाल गाता येत नाही. पोवाडा गाता येत होता.

रुकसाना हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या वर कळवायच्या, हे तिचं काम. पुढच्या वर्षी कंपनीत 'ट्रॅडिशनल डे' झाला. मुली नऊवारीत, मुलं भाड्याच्या फेट्यांत आली. प्रमुख आकर्षण म्हणून शाहीर बजरंग खळदकरांना बोलावलं होतं. बजरंगांनी काळाची पावलं ओळखली होती. ते आता कंपन्यांतून 'डेडलाइनचा पोवाडा' आणि 'टीमवर्कचा पोवाडा' म्हणत. पण मागणी शेवटी एकाच गोष्टीला असे. त्यांनी कंदील काढला. तिसऱ्या रांगेत बसून रुकसानानं आपल्या बापाला दारी उभं राहिलेलं तीनदा पाहिलं. मागे झील धरायला आता टेप होती, त्यामुळे बापाचा आवाजही ऐकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनंही वाजवल्या. न वाजवणारी एकटीच दिसली असती.

दुसऱ्या दिवशी तिचा टीम लीड राकेश तिला म्हणाला, "ट्रू स्टोरी आहे म्हणे ती."

रुकसाना म्हणाली, "म्हणे."

घरी येऊन तिनं नऊवारी घडी करून आईच्या हातात दिली आणि बापाला एवढंच सांगितलं, "अब्बा, कोर्टातून नाव काढलंत, आता त्या गाण्यातून काढा. मला दर वर्षी टाळ्या वाजवायला लागणार आहेत."

हुसेन बजरंगांकडं गेला. बजरंगांनी त्याला चहा दिला, तब्येत विचारली, आत जेवणाचं कसं होतं ते विचारलं. हुसेननं सांगितलं, की मला काही नको, फक्त तिथं पुन्हा 'कोण' करा. माझ्या मुलीसाठी करा.

"अरे, 'कोण'वर टाळी पडत नाही," बजरंग म्हणाले. "लोकांना माणूस लागतो."

"मला कोर्टानं सोडलंय, अण्णा."

"कोर्टानं सोडलंय. लोकांनी कुठं सोडलंय?" मग ते जरा मऊ झाले. "दुसरं नाव सुचव. चालीत बसलं तर घालतो."

हुसेनला त्या वेळी दुसरं नाव सुचलं नाही. तो चहा संपवून परत आला.

वर्षभरात बजरंगच कर्वेनगरला आले. लिफ्ट नव्हती म्हणून तीन मजले चढून, धापा टाकत. एका मोबाइल कंपनीला 'हाती कंदील, मनात काळं' एवढी ओळ रिंगटोनसाठी पाहिजे होती. पण कंपनीच्या वकिलानं जुने कागद चाळले, तर खटल्यात हुसेननं शपथेवर सांगितलेलं होतं की रचना माझी. कंपनी म्हणत होती, आधी रचना कुणाची ते ठरवा. बजरंगांना हुसेनकडून लिहून हवं होतं, की माझा या पोवाड्याशी काही संबंध नाही.

रझिया आतल्या खोलीत मशीनवर होती. मशीन थांबलं.

हुसेन म्हणाला, "देतो लिहून. नऊ वर्षं तेच तर सांगत होतो, माझा काही संबंध नाही म्हणून."

बजरंगांना वाटलं होतं, हा आता नाव काढण्याची अट घालणार. त्यांनी नकाराची तयारी केलेली होती, ती वाया गेली. हुसेनची अट निराळीच निघाली. नुसता माझा नकार काय कामाचा, तो म्हणाला. तुमचंही प्रतिज्ञापत्र पाहिजे, की पहिल्या शब्दापासून शेवटच्या कडव्यापर्यंत सगळं तुमचं. नाहीतर उद्या तिसराच कुणी उभा राहील. बजरंगांना हे फार पटलं. ते म्हणाले, मसुदा तूच कर, तुला सवय आहे.

हुसेननं दोन दिवस लावून मसुदा केला. बजरंगांसाठी त्यानं केलेली ही शेवटची रचना. त्यात शेवटचं कडवं त्यानं साध्या गद्यात उतरवलं होतं: की सदर पोवाड्यातील हकीकत ऐकीव नसून, ती मी घटनास्थळी समक्ष हजर राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे; सदर इसमाच्या हातातील कंदील, तीन घाव व इतर तपशील मला प्रथमपासून माहीत होते; आणि सदर रचनेत हुसेन शिकलगार यांचे नाव मी स्वतः, माझ्या मनाने घातलेले आहे. दोघं मिळून नोटरीकडं गेले. बजरंगांनी वीस वर्षांच्या सवयीनं न वाचता शेवटी आपलं नाव घातलं.

बाहेर पडताना ते म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस."

हुसेन म्हणाला, "जी."

कागदाची खरी प्रत त्यानं चौकीत नेऊन दिली. हायकोर्टानं हुसेनला सोडल्यापासून तो खून बेवारस पडून होता आणि नव्या साहेबांना जुनी प्रकरणं निकालात काढायचा हुकूम होता. साहेबांनी कागद दोनदा वाचला. खुनाच्या जागी हजर असलेला, सगळा तपशील ठाऊक असलेला, अकरा वर्षं गप्प राहिलेला आणि गप्प राहण्याच्या काळात दुसऱ्या माणसाचं नाव पेठभर गात फिरलेला माणूस. साहेबांनी जीप काढायला सांगितली.

तुळजाबाईंना पुन्हा बोलावलं. त्या आता सत्तरीच्या होत्या. मागच्या वेळी हुसेनचं नाव का घेतलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड आठवत नव्हतं साहेब तेव्हा. गाण्यात नाव होतं, तेच सांगितलं." मग त्यांना कॅसेटचं वेष्टन दाखवलं. त्यांनी क्षणाचाही वेळ न घेता बोट ठेवलं. "हाच. कंदीलसुद्धा हाच."

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. अकरा वर्षं त्यांच्या पाटीशेजारी तो माणूस तो कंदील तोंडाजवळ धरून उभा होता.

बजरंगांनी कोर्टात सांगितलं, की साहेब, यातला एक शब्द माझा नाही. मला लिहिता येत नाही, मी फक्त म्हणतो. डोळ्यांनी पाहिलं असं म्हणायची आमच्यात रीत असते. मग प्रतिज्ञापत्रावर सही कुणाची, असं विचारल्यावर ते म्हणाले, माझी. वाचून केलीत का? वाचायची रीत नाही, साहेब. कोर्टात थोडा हशा झाला. हुसेनला साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यानं शपथेवर सांगितलं, की माझा या पोवाड्याशी काही संबंध नाही. तसं मी लिहून दिलेलं आहे, आरोपीनं स्वतःच ते माझ्याकडून मागून घेतलं आहे. सरकारी वकिलांनी विचारलं, की मग पूर्वी याच कोर्टात रचना माझी असं का म्हणालात? हुसेन म्हणाला, साहेब, वीस वर्षं त्यांच्या मागे उभा होतो, ते म्हणतील त्याला जी म्हणायची सवय. त्यांना वाचवायला बोललो.

हे वाक्यही त्यानं दोन दिवस लावून केलेलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात बजरंगांनी मान खाली घातली. जाणकाराला रचना कुणाची ते लगेच कळतं.

निकालाच्या आदल्या आठवड्यात दुर्गाबाई कर्वेनगरला आल्या. पंच्याहत्तरीची बाई तीन मजले चढून आली होती. दोन्ही खटल्यांच्या एकूण एक तारखांना त्या हजर होत्या. त्यांनी पाणी मागितलं नाही, बसल्याही नाहीत.

"हुसेन, तू लिहिणारा आहेस म्हणून तुला सांगते," त्या म्हणाल्या. "शटरची स्प्रिंग तुटलेली होती. महिनाभर ते वर टिकत नव्हतं. उत्तरेश्वर खाली लाकूड लावून ठेवायचा. त्या दिवशी लाकूड बाजूला पडलेलं मी पाहिलं. पोलिसांना सांगितलं, दोन्ही वेळा कोर्टात सांगायला गेले. कुणी लिहूनच घेत नाही. तू लिही. बजरंग वाईट असेल, पण त्यानं माझ्या पोराला मारलं नाही. कुणीच मारलं नाही."

 आत मशीन थांबलेलं होतं. रुकसाना दारात येऊन उभी राहिली होती. चुका शोधून वर कळवायची तिला सवय होती, आणि ती बापाकडं बघत होती.

"काकू," हुसेन म्हणाला, "पोवाड्यात शटर बसत नाही."

दुर्गाबाई आल्या तशा जिना उतरून गेल्या. रुकसानानं दार लावून घेतलं.  तिच्या कंपनीत पुढच्या महिन्यात ट्रॅडिशनल डे होता.

बजरंगांना जन्मठेप झाली. ते बासष्ट वर्षांचे होते. अपील अजून पडून आहे. कारागृहाच्या छापखान्यात त्यांना घेता आलं नाही, कारण जुळणी येत नव्हती. ते भाजीच्या वाफ्यांवर आहेत. पोवाडा बंद पडला नाही. त्या वर्षीच्या ट्रॅडिशनल डेला कॉलेजातल्या मुलांचा एक बँड आला, गिटार आणि डफ घेऊन, आणि त्यांनी निकाल वाचून गाणं दुरुस्त केलेलं होतं. 'बजरंग उभा तो दारी' असं त्यांनी तीनदा म्हटलं. ओळ आणखी एका मात्रेनं लांब झाली होती, पण गिटारखाली ते झाकून गेलं. शेवटच्या कडव्यात 'बजरंग शाहीर सांगे तुम्हां' तसंच होतं. खुनीच खुनाची हकीकत सांगतोय, ही कल्पना सगळ्यांना फार आधुनिक वाटली. रुकसानानं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, की नाव निघालं. हुसेननं विचारलं, चालीत बसतंय का? ती म्हणाली, बसतंय.

उत्तरेश्वरनं मरायच्या आदल्या दिवशी बूथवरूनच शटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला होता. तो कबूल केल्याप्रमाणे तीन दिवसांनी, सकाळी दहा वाजता आला, दुकानाला पोलिसांचं सील बघितलं आणि परत गेला.